द्रौपदीचा शेतकरी

चैत्र लागला की आमच्या बुऱ्हाणपूरकडची माणसं दुपारनंतर बोलता बोलता मधूनच पश्चिमेकडे बघतात. शाहपूर, दापोरा, बहादरपूर, इच्छापूर या पट्ट्यातल्या कित्येक घरांची वर्षाची मिळकत त्या दिवसांत केळीवर लटकलेली असते, आणि केळीला लाकूड नसतं. आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांच्या देठांचे एकमेकांवर आवळलेले पदर, आत सगळं पाणी. मुळं वरवरची. त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड, तोही एका अंगाला झुकलेला. वावधान सुटलं की दहा-पंधरा मिनिटांत बाग आडवी होते. घड भरलेला नसेल तर त्याला गिऱ्हाईक नाही. खोडं कापायची, बांधाला लावायची आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशेब नव्याने मांडायचा.

ही हवा कुठून येते ते आता शाळेतली पोरंही सांगतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला भिडतात. फाल्गुन-चैत्रात लडाख, लाहौल, स्पीती या उंच, कोरड्या, झाडोरा नसलेल्या मुलखात पडणारं बर्फ त्यांचंच. तिथे वसंत म्हणजे सकाळी लख्ख ऊन, दुपारी बोचरा वारा आणि रात्री पुन्हा पांढरी जमीन. पण त्या बर्फावाचून त्या लोकांचं चालत नाही. पावसाळा तिथे नावापुरता पोचतो. वितळलेलं बर्फाचं पाणी पाटांनी खाली आणून ते जव आणि वाटाणा पिकवतात. अशाच एखाद्या विक्षोभाचा पट्टा कधी दक्षिणेला मध्य भारतापर्यंत उतरतो, त्याला समुद्रावरची ओल मिळते, आणि खाली तापीचं खोरं ४२-४३ अंशांवर तापलेलं असतं. गरम हवा वर धावते, ढग डोंगरासारखे चढतात, आणि संध्याकाळच्या सुमारास त्यातून गार हवेचा लोट जमिनीवर आदळतो. कधी पाण्याबरोबर, कधी गारांबरोबर, कधी नुसता धुळीचा.

म्हणजे ज्या हवेसाठी स्पीतीतला शेतकरी हात जोडतो, ती आपल्याकडे वळू नये म्हणून शाहपूरचा शेतकरी हात जोडतो. देवाने कुणाचं ऐकायचं? मला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. पण आज मला त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, कारण तो माणसाला जास्त छळतो. वारा माझ्याच बागेवर का आला?

माझं माहेर रावेरचं, सासर इथलं. शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवण्यात उमर गेली. निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात दुपारची पोथी वाचते. गेल्या चैत्रात धाकट्या दिरांची बाग पडली. मृगबाग होती, निसवून घड भरत आले होते. शेजारच्या बांधापलीकडची बाग उभी राहिली, कारण ती उशिराची होती, अजून निसवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मंदिरात तोच विषय. एक वयस्क हरिभक्त, ज्यांच्या अभ्यासाचा मला मनापासून आदर आहे, टाळ पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, “कुणाचं तरी पाप भोवल्याशिवाय असं होत नाही, बाई. आंधळा वारा नसतो.” कोपऱ्यात माझी जाऊ बसली होती. तिने पदर सारखा केला आणि ती उठून गेली.

तेव्हापासून हे वाक्य मी मनात घोळवते आहे. ते दुष्टपणाने बोललेलं नव्हतं. बोलणाऱ्याला जगात न्याय हवा होता. वारा आंधळा असेल तर मग कशाचाच भरवसा नाही, ही त्यांची भीती मला समजते. पण बागेत जाऊन बघितलं तर दिसतं काय? सगळ्यात आधी पडतं ते झाड, ज्याचा घड सगळ्यात जड. ज्याने खत वेळेवर दिलं, पाणी चुकवलं नाही, पिलं काढली, फण्या विरळ केल्या, त्याचा घड मोठा, म्हणून त्याचं झाड वाऱ्याला आधी बळी पडतं. हयगय केलेली, न निसवलेली बाग तग धरते. वारा जर पापपुण्याचा निवाडा करत असेल, तर तो कष्टाळू माणसाला शिक्षा आणि हयगय करणाऱ्याला बक्षीस देतो आहे. असा न्यायाधीश मानण्यापेक्षा, वारा निवाडा करायला येतच नाही, असं मानणं मला देवाच्या अब्रूला जास्त शोभणारं वाटतं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार लगेच दिला जातो. भूतमात्र अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून. ही साखळी मी कितीतरी वर्गांना शिकवली आहे, आणि मला ती प्रिय आहे, कारण ती माणसाला सांगते की तू फुकटचा खाणारा नाहीस, घेतोस तसं देणंही लागतोस. पण ऐकणारे ती उलटी वाचतात. पाऊस बिघडला, म्हणजे यज्ञ चुकला, म्हणजे ज्याच्या शेतात बिघडला त्याचा चुकला. श्लोकात हे कुठेही नाही. तो सगळ्या सृष्टीच्या चाकाबद्दल बोलतो, गट नंबर आणि सातबाऱ्याबद्दल बोलत नाही.

आमच्या मुलखाला ग्रहनक्षत्रांचं आणि भाकितांचं वावडं नाही, हेही सांगते. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाचा संस्कृत शिलालेख आहे. संवत १६४६, शके १५११, आणि पुढे तिथी, नक्षत्र, योग, करण असं सगळं पंचांग त्यात कोरलेलं आहे. मशिदीच्या भिंतीवर रोहिणी नक्षत्राचं नाव असलेलं हे गाव. पाडव्याला आम्ही वर्षफल ऐकतो. सातपुड्याच्या पलीकडे जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. धान्याच्या राशींमध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बघून पाऊसपाणी सांगतात. आमच्याकडूनही लोक जातात. ते भाकीत खरं-खोटं ठरो, त्याने कुणाचं मन मोडत नाही. घट सगळ्या मुलखाबद्दल बोलतो. अमक्या घरात पाप आहे, असं सांगण्यासाठी तिथे ढेकूळ नसतं.

वाचता वाचता मला संयुत्तनिकायातलं एक छोटं सूत्र सापडलं आणि त्याने मोठा दिलासा दिला. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की काही जण म्हणतात, माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सारं पूर्वी केलेल्या कर्मामुळे, तर आपलं मत काय? बुद्ध एकेक कारण मोजतो. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, वागण्यातली विषमता, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. मग तो म्हणतो, सगळं पूर्वकर्माचंच, असं म्हणणारे स्वतःला ठाऊक असलेल्याच्या आणि जगाला ठाऊक असलेल्याच्या पलीकडे उडी मारतात. तो शरीराच्या वेदनांबद्दल बोलत होता, केळीबद्दल नाही. तरी कर्मावर ज्याची एवढी श्रद्धा, त्याने ऋतुबदलाला कर्माशेजारी स्वतंत्र जागा द्यावी, हे मला फार मोठं वाटतं.

उलट बाजू चरकात आहे आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आत्रेयांना विचारतो की निरनिराळ्या प्रकृतीची माणसं एकाच वेळी, एकाच रोगाने कशी मरतात? उत्तर असं की वायू, जल, देश आणि काळ हे चारही बिघडतात, आणि त्यांच्या बिघाडाचं मूळ अधर्म. देशाचे, नगराचे, जनपदाचे प्रमुख धर्म सोडून वागतात, मग अधर्म खालपर्यंत पसरतो, ऋतू ढळतात, पाऊस अवेळी येतो, वारे वेडेवाकडे वाहतात. हरिभक्तांनी मला हेच दाखवलं. मी म्हटलं, बघा, चरकाचं बोट वर जातंय, धुरीणांकडे. बागवानाकडे नाही. आणि आज तर हे जास्तच खरं आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ढगांची ताकद त्या बाष्पात असते. शे-दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून ही हवा कुणी तापवली, याचा हिशेब जगाकडे आहे. अमक्या दिवसाचं वादळ त्यानेच आलं असं मी म्हणणार नाही, ते सांगणं माझ्या अधिकाराबाहेरचं आहे. पण अधर्म शोधायचाच असेल तर तो दापोऱ्याच्या बांधावर सापडायचा नाही.

या गावाने हवेचा याहून मोठा मार खाल्ला आहे. १६३० साली पाऊस गेला, १६३१ ला काही भागांत अतिवृष्टीने उरलंसुरलं नेलं. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळा मुलूख उपाशी. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरातच मुक्कामाला होता. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज इथेच बाळंतपणात गेली. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी याच वाटेने गेला आणि रस्त्याकडेच्या प्रेतांबद्दल लिहून गेला. बादशहाच्या दरबारी इतिहासात लिहिलं आहे की बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेच्या बाजूला अन्नछत्रं उघडली, आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, वीस सोमवार. केवढ्या भुकेला ते कितीसे पुरले असतील! पण त्याआधी पंधरा वर्षं, १६१५ मध्ये, खानखानान रहीमच्या कारकिर्दीत सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावात आणलं गेलं होतं. तो कुंडी भंडारा आजही वाहतो आहे. शाळेच्या मुलांना मी तिथे न्यायची आणि सांगायची की हे पाणी ज्यांनी आणलं त्यांनी, अवर्षण कुणाच्या पापाने पडतं, याचा निकाल लागेपर्यंत वाट पाहिली नाही.

त्याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दुकानदारी बुडाली. पुढे त्यांनी घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. आणि त्याच तुकोबांनी एका अभंगात देवाला म्हटलं आहे की दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळाने पीडा केली तेही बरं झालं, त्यामुळे तुझं चिंतन टिकून राहिलं. हा अभंग आमच्याकडे सप्ताहात हमखास निरूपणाला घेतात. ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो कुणी म्हणायचा? ज्याची बायको उपाशी मेली त्याने. तुकोबांनी दुष्काळाला कृपा म्हटलं ते स्वतःच्या दुष्काळाला. शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘तुझं लेकरू गेलं ते बरं झालं’ असं ते म्हणाले नाहीत. त्याच्या दारात ते गेले असतील तर खत फाडायला.

मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. दुःखाला अर्थ द्यायचा हक्क ज्याला दुःख झालं त्याचा. तो त्याला प्रारब्ध म्हणो, परीक्षा म्हणो, कृपा म्हणो, की काहीच न म्हणो. बघणाऱ्याच्या वाट्याला अर्थ लावणं येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती दोरी धरणं, खोडं उचलू लागणं, पंचनाम्याच्या वेळी पटवाऱ्यासमोर खरं बोलणं, रात्री चुलीशी बसणं.

मुक्ताईच्या वाटेवर तर हे रोज आठवतं. बुऱ्हाणपूरहून इच्छादेवीच्या टेकडीवरून पुढे मुक्ताईनगर, आणि तिथून तापीकाठी मेहूण. शके १२१९ च्या, म्हणजे १२९७ च्या वैशाखात, वद्य पक्षात, मुक्ताई इथे कडाडत्या विजेत गुप्त झाली, असं वारकरी परंपरा सांगते. वैशाखातली वीज, तापीचा काठ, आभाळ फुटलेलं. म्हणजे हीच आमची हवा, जी आज केळी पाडते. आदल्या कार्तिकात ज्ञानदेव आळंदीला समाधिस्थ झाले होते, मग सोपान गेले, आणि आता धाकटी बहीण डोळ्यांदेखत विजेत नाहीशी झाली. नामदेवांनी हा प्रसंग अभंगांतून सांगितला आहे, आणि त्यात विजेचं तेज आहे तसा निवृत्तीनाथांचा शोकही आहे. कुणीही त्या विजेला शिक्षा म्हटलं नाही. अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलीवर वीज पडली, तीही जिला गावाने लहानपणी वाळीत टाकलेल्या संन्याशाची पोर म्हणून हिणवलं होतं. पाप शोधणाऱ्यांना याहून सोपी संधी नव्हती. परंपरेने ती घेतली नाही. तिने त्या विजेकडे बघून मुक्ताईचं मोठेपण पाहिलं, आणि आषाढीला अजूनही इथून पालखी निघते. मग मुक्ताईच्या विजेला आपण एक न्याय लावतो आणि दिरांच्या बागेवरच्या वाऱ्याला दुसरा, हे कसं? ती संत आणि हे साधे बागवान, एवढाच फरक असेल तर साध्या माणसाला दयेची गरज जास्त आहे.

माझ्या या म्हणण्याला घरातच अडचण आली. बाग पडल्यावर आठवडाभराने भाऊजी ओट्यावर बसले होते. मी चहा दिला. ते म्हणाले, “वहिनी, माझंच काही चुकलं असेल. मागच्या वर्षी देवीची ओटी राहिली होती.” आता काय करायचं? अर्थ लावायचा हक्क त्यांचा, असं मीच म्हणते. त्यांनी लावलेला अर्थ हा. पण तो मला त्यांचा वाटेना. तो मंदिरातून, चावडीवरून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून त्यांच्या घरात येऊन बसलेला होता. तुकोबांनी स्वतःच्या दुःखाला नाव दिलं तेव्हा त्यांची मान वर होती, भाऊजींची मान खाली गेली होती. मला वाटतं, अर्थ खरोखर आपला आहे की दुसऱ्याने लादलेला, हे ओळखायला एवढी खूण पुरते.

मी महाभारत काढलं. वनपर्वात, द्वैतवनात, द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा संवाद आहे. सगळं गमावून झालं आहे. ती आधी विधात्यावरच चिडते, म्हणते की लाकडी बाहुल्या नाचवाव्यात तसा तो माणसांना नाचवतो. युधिष्ठिर तिला सांगतो की हे नास्तिकपणाचं बोलणं झालं, आणि धर्माचा व्यापार करणारा, फळासाठी धर्म करणारा, सगळ्यात हलका. मग ती शांत होऊन पुन्हा बोलते, दैव, हठ आणि पुरुषार्थ यांचा विचार मांडते, आणि त्यात शेतकरी येतो. तो नांगराने भुई फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसून राहतो. पुढचं कारण पाऊस. पावसाने अनुग्रह केला नाही, तर त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. दुसऱ्या माणसाने जे केलं असतं ते सगळं मी केलं, तरी फळलं नाही, म्हणून मी अपराधी नव्हे. आणि हे ती कुठे शिकली तेही सांगते. वडिलांच्या घरी एक विद्वान ब्राह्मण तिच्या भावांना नीती शिकवत होता, आणि ती वडिलांच्या मांडीवर बसून ऐकत होती.

मी मूळ श्लोक वाचला, मग मराठीत सांगितला. भाऊजींनी विचारलं, “हे असं लिहिलंय? शेतकऱ्याचा दोष नाही, असं?” मी बोट ठेवून दाखवलं. संस्कृत त्यांना येत नाही, पण ‘कर्षक’ हा शब्द त्यांनी ओळखला. “मग हे मंदिरात वाचा,” म्हणाले. “सगळे असताना.”

वाचलं. जाऊ आली होती. हरिभक्तांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “हे द्रौपदीचं बोलणं आहे, बाई. भगवंताचं नव्हे.” खरं आहे. पण युधिष्ठिराने तिच्या आधीच्या बोलण्याला नास्तिक म्हटलं, या बोलण्याला म्हटलं नाही. तिच्यानंतर भीम बोलायला लागतो, आणि शेतकऱ्याची ओळ तशीच उभी राहते. व्यासांनी ती ठेवली. मी हेच उत्तर दिलं. ते मान्य झालं असं मला वाटत नाही, ते पुढच्या दुपारी गीताभाष्य घेऊन येणार आहेत, आणि आम्ही वाद घालणार आहोत.

भाऊजींशी वेगळाच वाद चालू आहे. ‘दुसऱ्या माणसाने जे केलं असतं ते सगळं मी केलं’ हे म्हणायचं तर ते सगळं केलेलं हवं, आणि पश्चिमेच्या बांधावर वारा अडवायला शेवरी दाट लावलेली नव्हती. मृगात नवी लागवड होईल तेव्हा ती लावा, असं मी म्हणते. ते म्हणतात, शेवरीने केळीची एक ओळ जाते आणि तिची मुळं खत खातात. जाऊ माझ्या बाजूने आहे.